घाटात शिरण्याआधी: गाडीतली हवा आणि काचेवरची वाफ

ताम्हिणीत किंवा आंबोलीला पाऊस कोसळायला लागला की समोरची काच बघता बघता आतून पांढरी होते. एका हातात स्टीअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं घेऊन घाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून ही तपासणी पहिला पाऊस पडायच्या आत घरीच उरकून टाका. टॉर्च, टिश्यू पेपर, जुना टूथब्रश, तांब्याभर पाणी, मायक्रोफायबरची दोन फडकी आणि गाडीचं मॅन्युअल एवढं जवळ असलं की पुरे. इंजिन बराच वेळ चालू ठेवायचं आहे, त्यामुळे गाडी उघड्यावर लावा, बंद गॅरेजमध्ये नको.

सुरुवात बटणांपासून न करता ओलीपासून करा. काचेवर वाफ धरते ती केबिनमधल्या दमट हवेमुळे, आणि तो दमटपणा बहुतेक वेळा पायाखालीच असतो. चारही मॅट काढा, गालिच्यावर मूठ जोरात दाबा. मूठ ओली झाली किंवा कुबट वास आला तर पाणी कुठून तरी आत शिरतंय. डावीकडे पुढे ओल असेल तर संशय आधी एसीच्या ड्रेन पाइपवर घ्या. पंधरा मिनिटं एसी चालवून गाडीखाली बघा. दमट हवेत खाली पाणी ठिबकलंच पाहिजे. नसेल ठिबकत, तर पाइप तुंबलाय आणि तेच पाणी आत उतरतंय.

दुसरी जागा वायपरखालची प्लॅस्टिकची जाळी. बाहेरची हवा इथूनच आत ओढली जाते, आणि गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर गुलमोहराची बारीक पानं इथे चिखलासारखी साचतात. हाताने आणि ब्रशने सगळं काढा, मग तांब्यातलं पाणी सावकाश ओता. पाणी पुढच्या चाकाच्या मागून जमिनीवर पडायला हवं. जाळीतच तुंबून राहिलं तर जोराच्या पावसात ते थेट ब्लोअरकडे, म्हणजे आत हवा फेकणाऱ्या पंख्याकडे जाईल.

आता ब्लोअर. एकेक वेग लावून डॅशबोर्डवरच्या प्रत्येक जाळीसमोर टिश्यूची पट्टी धरा. फक्त सगळ्यात वरच्या वेगावरच हवा येत असेल तर बहुधा पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलाय. तो भाग मोटारीच्या मानाने स्वस्त असतो, तेव्हा अख्खा ब्लोअर बदलायला लगेच होकार देऊ नका. एकाही वेगावर आवाज नसेल तर आधी फ्यूज बघा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा बसवा, मोठा बसवलात तर वायर जळेल. आवाज भरपूर पण पट्टी जेमतेम हलते, असं असेल तर ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढा. काही गाड्यांत, विशेषतः खालच्या व्हेरिएंटमध्ये, तो नसतोच. मॅन्युअलमध्ये बघून घ्या. असला तर उजेडासमोर धरा: उजेड आरपार दिसत नसेल तर झटकत बसण्यापेक्षा नवा घाला. कुरतडलेला कागद किंवा लेंड्या दिसल्या तर उंदराचा मुक्काम झालाय, मग फिल्टरपलीकडचा पंखाही साफ करून घ्यावा लागेल.

हवा कुठे जाते हेही पट्टीनेच कळतं. नॉब पायाकडे, तोंडाकडे, काचेकडे असा फिरवा आणि दर वेळी पट्टीची जागा बदला. काचेच्या खाचेतून हवा येत नसेल आणि नॉब सैल फिरत असेल तर केबल निसटली असण्याची शक्यता मोठी. ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत डॅशबोर्डमागून टकटक आवाज येत असेल तर हवेची झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटारीचा, म्हणजे अ‍ॅक्च्युएटरचा दात तुटला असावा. रीसर्क्युलेशनची परीक्षा कानाने करा: आतली हवा फिरवताना ब्लोअरचा आवाज वाढतो, बाहेरची घेताना कमी होतो. काहीच फरक पडला नाही तर झडप अडकली आहे. ही झडप कायम आतल्या हवेवर राहिली तर बाकी काहीही करा, काच पांढरी होणारच, कारण चार माणसांचा श्वास आतच फिरत राहतो.

काच साफ करायची रीतही आत्ताच एकदा करून बघा: हवा काचेकडे, बाहेरची हवा चालू, एसी चालू, तापमान थोडं वर. एसी इथे गारव्यासाठी नसून हवा कोरडी करण्यासाठी लागतो, म्हणून पावसात तो बंद करू नका. इंजिन तापल्यावरही हीटर कोमट राहिला तर कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी आणि त्याचा प्रवाह तापमानानुसार उघडणारा-बंद करणारा थर्मोस्टॅट तपासायला सांगा. आपल्याकडे इंजिन तापू नये म्हणून काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, मग हीटरला पुरेशी ऊब मिळत नाही. काचेवर चिकट थर आणि केबिनमध्ये गोडसर वास असेल तर हीटरचा कोअर (गरम कूलंट फिरतो ती डॅशबोर्डमागची जाळी) गळतोय, तिथे घरगुती इलाज नाही. कोकणात मात्र उलटंही होतं. काच एसीने गार पडते आणि वाफ बाहेरून धरते. वायपरच्या एका फेरीत ती पुसली गेली तर बिघाड नाही, काचेवरची गार हवा फक्त दुसरीकडे वळवा.

मागच्या काचेवर तोंडाने वाफ सोडा आणि डिफॉगर, म्हणजे काच तापवणाऱ्या बारीक तारा, चालू करा. तारांच्या रेघांवरून काच मोकळी होत जाते. जिथे आडवा पट्टा तसाच राहतो तिथे ती तार तुटलेली असते. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केल्यानंतर ज्या गाड्यांची फिल्म ब्लेडने खरवडली गेली, तिथे अशा तुटक्या तारा हमखास सापडतात. बारीक तुटलेली जागा चांदीच्या वाहक रंगाने जोडता येते. एकही रेघ तापत नसेल तर फ्यूज आणि काचेच्या कडेची वायर बघा. ही काच पुसताना फडकं नेहमी रेघांच्या दिशेनेच फिरवा.

एसीच्या गॅसचे पाइप आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरी यांना घरी हात लावू नका. जे दिसलं ते कागदावर लिहून मेकॅनिकला द्या: कोणत्या वेगावर हवा नाही, कोणत्या बाजूला ओल आहे, आवाज कुठून येतो. त्याने काही न बघता थेट गॅस भरायचा म्हटलं, तर आधी तो कागद वाचायला लावा.