‘उतारा’ म्हणजे नेमका कुठला उतारा?

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी बियाणे-खतांच्या एका कंपनीत लागले, तेव्हा शेतीशी माझा संबंध मंडईतून भाजी आणण्यापुरताच होता. पहिल्याच महिन्यात एका शेतकऱ्याचं सोयाबीन बघायला गेले. ते घरी नव्हते. त्यांची आई म्हणाली, “उतारा काढाय गेलाय तालुक्याला.” मी वहीत लिहिलं: काढणी सुरू, उतारा चांगला असावा. साहेबांनी संध्याकाळी ते वाचलं आणि पाणी पिता पिता त्यांना ठसका लागला. तो माणूस पीककर्जासाठी सातबारा आणायला गेला होता.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी पाठ करायचा पहिला प्रश्न म्हणूनच असा आहे: उतारा कशाचा? कागदाचा असेल तर सातबारा किंवा आठ-अ. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि 12 एकत्र. सातमध्ये जमीन कोणाच्या हक्काची ते, बारामध्ये त्यात कोणती पिकं घेतली ते. आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या नावावर त्या गावात एकूण किती जमीन आहे ते. पिकाचा उतारा म्हणजे एकरी किती क्विंटल पडले. आणि उसाच्या पट्ट्यात ‘यंदा उतारा घसरला’ ऐकलंत तर विषय साखरेचा आहे. 100 किलो उसातून किती किलो साखर निघाली, तो उतारा. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, याच्याशी बांधलेली असते. सध्या मूळ दर 10.25 टक्के उताऱ्याला धरतात आणि त्यापुढे जितका उतारा जास्त तितका दर वाढतो. त्यामुळे तिथे दशांश चिन्हापुढच्या आकड्यावरूनही भांडणं होतात.

‘उचल’ तर याहून फसवी. विक्रेता म्हणतो “या महिन्यात उचल नाही”, म्हणजे दुकानातून माल हलत नाही, तो कंपनीकडून नवा घेणार नाही. ऊस उत्पादकाची पहिली उचल म्हणजे कारखान्याकडून मिळणारा बिलाचा पहिला हप्ता. आणि तोडणी मजुराची उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, जी त्याला पुढे कोयत्याने फेडायची असते. एकाची उचल म्हणजे येणं, दुसऱ्याची उचल म्हणजे देणं. कोण बोलतंय हे न बघता अर्थ लावला तर मोठी पंचाईत होते.

नवीन मुलं नामं पाठ करतात. मी सांगेन, आधी क्रियापदं शिका, कारण तिथेच आपण शहरातले म्हणून ओळखू येतो. कापूस वेचतात, ऊस तोडतात, गहू कापतात, मिरची तोडतात, बटाटा काढतात. ‘कापूस कापला’ म्हणालात तर समोरचा हसणार नाही, पण पुढचं तुमचं कुठलंच ऐकणार नाही. तसंच बियाणं पेरतात, टोकतात किंवा रोप लावतात; खत टाकतात, औषध मारतात, ठिबकमधून सोडतात. मुळाशी ओतायचं असेल तर ती आळवणी. विरळणी आणि नांग्या भरणं ही एकमेकांच्या उलट कामं आहेत: जिथे दाटी झाली तिथली रोपं उपटायची, जिथे उगवलं नाही तिथे नवीन लावायची.

‘वाफसा’ हा माझा सगळ्यात लाडका शब्द. पावसानंतर जमीन फार ओलीही नाही, सुकलेलीही नाही, मातीत पाणी आणि हवा दोन्ही आहेत, औताला चिखल चिकटत नाही आणि ढेकळंही निघत नाहीत, ही सगळी अवस्था एवढ्या एका शब्दात मावते. “वाफसा न्हाय अजून” असं फोनवर कळलं की त्या दिवशी पेरणीचं प्रात्यक्षिक ठेवू नका. मी एकदा ठेवलं होतं. गाडी बाहेर काढायला बैलजोडी लागली.

मापांकडे मात्र चेष्टेने बघू नका. कृषी विद्यापीठांच्या शिफारशी हेक्टरी असतात, शेतकरी बोलतो एकरात आणि गुंठ्यात. 40 गुंठ्यांचा एकर, सुमारे अडीच एकरांचा हेक्टर. शिफारस हेक्टरी 100 किलो नत्राची (नायट्रोजनची) असेल तर एकरी 40 किलो होतं. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे एकराला साधारण 87 किलो युरिया, 45 किलोच्या जवळपास दोन गोण्या. हेक्टरचा आकडा एकराला सांगितला तर अडीचपट खत पडेल, शिवाय 100 किलो नत्र आणि 100 किलो युरिया या दोन वेगळ्या गोष्टी. ही चूक मी होताना पाहिली आहे आणि ती करणारा पदवीधर होता.

बियाण्याच्या पिशवीवर टॅगचा रंग बघायची सवय लावा. पैदासकार बियाण्याला पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा, सत्यप्रतला हिरवा. औषधाच्या बाटलीवरही रंगाची खूण असते आणि तिथे लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. दोन्हीकडे निळा-हिरवा आहे म्हणून गोंधळ करू नका, अर्थ पूर्णपणे वेगळे आहेत. ‘औषध’ या शब्दाचाच मला राग आहे खरं तर. विषाला औषध म्हटल्यामुळे लोक हातमोजे घालत नाहीत, असं मला वाटतं. पण गावात ‘कीटकनाशक’ म्हणून बघा, माहितीपत्रक वाचून दाखवल्यासारखं वाटतं. ‘निविष्ठा’ (बियाणं, खतं, औषधं), ‘पणन’ (शेतमालाची विक्री) हे शब्दही असेच, अहवालात शोभतात.

बाजार समितीत पहिल्यांदा जाल तेव्हा तीन दर ऐकाल: किमान, कमाल, सर्वसाधारण. नवखा कमाल बघून हरखतो. तो दोन-चार उत्तम ढिगांचा असू शकतो. शेतकऱ्याशी बोलताना सर्वसाधारण धरा. ‘आवक वाढली’ याचा अर्थ तिथल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही, दर पडणार. कांद्यात बारीक मालाला गोल्टी म्हणतात. आणि “पट्टी आली का?” हा प्रश्न पैशांचा आहे: वजन, दर, हमाली, तोलाई, कपात आणि शेवटी हातात काय आलं, हे सगळं त्या एका चिठ्ठीवर असतं. कोणाची पट्टी बघायला मिळाली तर शांतपणे वाचा. आठवडाभराच्या प्रशिक्षणातून कळणार नाही तेवढं त्यात कळतं.

एवढं सगळं शिकून, तीन वर्षं पश्चिम महाराष्ट्रात काढून, माझी बदली यवतमाळला झाली. तोवर शेताला ‘रान’ म्हणायची सवय अंगात मुरली होती. पहिल्याच भेटीत एका वयस्कर काकांना म्हटलं, “चला, रानात जाऊन येऊ.” त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“वावरात जाऊ ना मॅडम. रानात तं वाघ रायते.”