स्वतःच्या प्लॉटवरची छोटी बिल्डिंग भाड्याने दिलीय? मग या चुका टाळा

पुण्यात नऱ्हे, धायरी, वाकड, चऱ्होली कुठेही बघा, दीड-दोन गुंठ्यांवर तळमजला अधिक तीन, प्रत्येक मजल्यावर दोन वन आरके नाहीतर वन बीएचके, खाली पार्किंग, वर टाक्या. मालक तळमजल्यावर राहतो किंवा गावी असतो आणि महिन्याच्या पाच तारखेला भाडं खात्यात जमा झालं की झालं. सोसायटी नाही, चेअरमनची कटकट नाही म्हणून लोकांना हे सोपं वाटतं, पण सोसायटी नाही म्हणजे कॉमन जागेकडे बघणाराही कोणी नाही हे लक्षात येत नाही. खोलीतला नळ गळला तर भाडेकरू लगेच फोन करतो, कारण त्रास त्याला होतो. गच्ची, जिना, मीटरबोर्ड, ड्रेनेजचं चेंबर, गेट यांच्यासाठी कोणीच फोन करत नाही, आणि मोठे खर्च नि चोऱ्या बहुतेक वेळा तिथूनच चालू होतात.

ओल आली की आधी पेंटर बोलावणं

ही सगळ्यात कॉमन चूक. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू म्हणतो बाथरूमच्या छताला ओल आलीय, मालक पुट्टी आणि रंग मारून घेतो, पुढच्या पावसाळ्यात परत तेच आणि मग प्लास्टरचा पोपडाच खाली येतो, कारण मधल्या काळात स्लॅबमधलं स्टील गंजून फुगलेलं असतं. कारण सापडल्याशिवाय रंगाला हात लावू नका.

आणि कारण शोधायला लगेच तोडफोड लागत नाही. वरच्या भाडेकरूला सांगून दोन दिवस ते बाथरूम पूर्ण कोरडं ठेवा, पण नळाला येणारं पाणी चालू राहू द्या. तरीही ओल वाढत असेल तर भिंतीतली प्रेशरची पाईप गळतेय, मग गच्चीवरून त्याच फ्लॅटचा वॉल (पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह) बंद करून बघा, ओल थांबली की पक्कं झालं. उलट बाथरूम कोरडं ठेवल्यावर ओल कमी झाली तर दोष नहाणी ट्रॅपचा (नहाणीच्या जाळीखालच्या वाटीसारख्या भागाचा) किंवा टाईल्सच्या सांध्यांचा. नहाणीच्या तोंडात फडक्याचा बोळा घट्ट बसवा, दोन इंच पाणी भरा, त्यात थोडी नीळ टाका आणि एक दिवस तसंच राहू द्या. खाली निळसर डाग आला तर फरशी झिरपतेय. काहीच आलं नाही आणि बोळा काढल्यावर मात्र गळायला लागलं तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा जॉइंट गेलाय. एवढं करून मग प्लंबरला बोलावलं की तो "सगळं बाथरूम तोडावं लागेल" असं सहज म्हणू शकत नाही. नुसते सांधे गेले असतील तर इपॉक्सी ग्राउटमध्ये (सांधे भरायच्या पक्क्या मसाल्यात) काम भागतं.

सगळ्यात वरच्या मजल्यावरची ओल असेल तर मात्र गच्ची बघा. जुन्या कोब्याला (गच्चीवरच्या सिमेंटच्या थराला) भेगा पडलेल्या असतात, पावसाळी पाईपच्या तोंडाशी पानं आणि पिशव्या अडकून तळं साचलेलं असतं, आणि डिशवाल्याने अँटेना बसवताना ड्रिलने वॉटरप्रूफिंगला भोकं पाडलेली असतात (ही शेवटची गोष्ट इतक्या ठिकाणी दिसते की विचारू नका). मे महिन्यात एकदा गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघायचं, जूनमध्ये वॉटरप्रूफिंगवाले मिळतही नाहीत आणि मिळाले तरी ओल्यावर काम टिकत नाही.

बिल्डिंग वडिलांच्या काळातली असेल आणि तीस वर्षं उलटली असतील तर महापालिका हद्दीत स्ट्रक्चरल ऑडिट करून मजबुतीचा दाखला देणं मालकावर बंधनकारक आहे, महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ मध्ये ते आहे.

एमसीबी पडतो म्हणून मोठा एमसीबी लावणं

भाडेकरू स्वतःचा एसी आणतो, १६ अँपिअरचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) सारखा पडतो, मग गल्लीतला इलेक्ट्रिशियन त्या जागी ३२ चा लावून जातो. सगळे खूश. पण भिंतीतली वायर तीच अडीच स्क्वेअर एमएमची आहे, आता तार तापली तरी एमसीबी पडणार नाही आणि जळेल ती वायर. एसीला मीटरपासून वेगळी चार स्क्वेअर एमएमची लाईन ओढा, खर्च कोणाचा ते आधी बोलून घ्या.

दुसरं, आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाईन तोडणारा स्विच) पडतो म्हणून तो बायपास करणं. हा तर गुन्हाच म्हणायचा, कारण ३० मिलीअँपिअरचा तो डबा गिझरचा शॉक लागला तर माणूस वाचवायला आहे. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा, ज्याला पडला ती लाईन दोषी. बऱ्याचदा गिझरची कॉइल किंवा वॉशिंग मशिन निघतं. प्रत्येक लाईन एकटी चालतेय पण मधेच अवेळी पडतोय असं असेल तर दोन फ्लॅटचे न्यूट्रल कुठेतरी एकमेकांत जोडलेले असतात, ते इलेक्ट्रिशियनकडूनच शोधून घ्या.

गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर. यावर चर्चा नको. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू बंद बाथरूममध्ये साचतो, आणि त्याला वास नसतो.

मीटरबोर्ड जिन्याखाली, त्याला खेटून सात-आठ टू-व्हीलर, आणि आता त्यातल्या एकदोन इलेक्ट्रिक, त्यांचं चार्जिंग वरून खाली सोडलेल्या एक्स्टेंशनवर. जिना एकच. तिथे आग लागली तर धूर सरळ वर चढतो आणि गॅलरीला पूर्ण बंद ग्रिल असेल तर लोकं आत अडकतात. मीटरसमोरची जागा पिवळा पट्टा मारून मोकळी ठेवा, चार्जिंगला वेगळा पॉइंट द्या, आणि चोराच्या भीतीने ग्रिल लावलीत तर तिला आतून कुलूप लागणारी उघडती खिडकी ठेवायला सांगा फॅब्रिकेटरला.

कॅमेरा लावला म्हणजे सिक्युरिटी झाली असं समजणं

मोबाईलवर लाईव्ह चित्र दिसतं म्हणून सगळं चालू आहे असं वाटतं. हार्ड डिस्क बंद पडलेली असली तरी लाईव्ह दिसतच राहतं! म्हणून महिन्यातून एकदा आठ दिवसांपूर्वीचं रेकॉर्डिंग उघडून बघा, आणि स्क्रीनवरची तारीख-वेळ बरोबर आहे का तेही, कारण चुकीच्या वेळेचं फुटेज पोलिसांना दाखवताना नुसता घोळ होतो. डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं मशिन) पार्किंगच्या डब्यात ठेवू नका, चोर तोच काढून नेतो. पासवर्ड बदला. कॅमेऱ्याचं तोंड गेट, पार्किंग, जिन्याकडे हवं, कोणाच्या दाराच्या आत किंवा खिडकीत नको, मुली राहत असतील तर यावरून वाद होतातच आणि ते बरोबरच आहे.

खरं काम साध्या गोष्टी करतात. भाडेकरू गेला की लॅच बदला, त्याने किती डुप्लिकेट किल्ल्या केल्यात ते तुम्हाला कळणार नाही. दोन-तीन जास्तीची लॅच घेऊन ठेवायची आणि खोल्यांमध्ये फिरवत राहायचं, नवीन खर्च नाही. गच्चीचं दार आतून कडी लागणारं हवं, शेजारच्या बिल्डिंगची गच्ची हाताच्या अंतरावर असते हे विसरू नका. आणि जिन्यातला दिवा! गेलेला बल्ब महिना महिना तसाच असतो कारण तो कोणाचाच नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ मध्ये मालकाने तोडू नयेत अशा आवश्यक सेवांमध्ये पाणी-विजेसोबत जिन्यातले आणि पॅसेजमधले दिवेही धरलेत, म्हणजे भाडं थकलं म्हणून पाणी-लाईट बंद करायची आयडिया डोक्यातून काढून टाका.

ओळखीचा आहे म्हणून कागद न करणं

याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून त्रासाचं म्हणजे वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत. पोलीस आयुक्तांचा आदेश लागू असेल तिथे भाडेकरूची माहिती कळवणंही आलंच, महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर घरबसल्या भरता येते. करारात एक ओळ घालून घ्या की छोटी दुरुस्ती किती रुपयांपर्यंत भाडेकरूची, आणि ड्रेनेज चोक झालं तर खर्च कोणाचा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कमोडमध्ये टाकल्यावर चेंबर भरतं ते सगळ्यांचं, आणि टाकलं कोणी ते कोणीच कबूल करत नाही, त्यामुळे तो खर्च सरळ सगळ्यांत वाटायचा असं आधीच लिहिलेलं बरं.

गावी राहणाऱ्या मालकांनी अजून एक करा. पार्किंगच्या भिंतीवर लॅमिनेट केलेला कागद लावा, कुठल्या फ्लॅटचा वॉल गच्चीवर कुठला, पंपाचा स्विच कुठे, गच्चीची किल्ली कोणाकडे, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचे नंबर. गच्चीवरच्या वॉलांवरही ऑइल पेंटने फ्लॅट नंबर टाकून घ्या. रात्री अकराला पाईप फुटली की तुम्ही साताऱ्याहून पोचेपर्यंत कोणीतरी योग्य वॉल बंद केलेला असेल.