कुत्र्याच्या खाऊतून विषबाधा: आम्ही केलेल्या या चुका तुम्ही टाळा

गेल्या श्रावणात एका रात्री अडीचच्या सुमारास आमच्या भुऱ्याने ओसरीवर लागोपाठ तीन उलट्या केल्या. तिसऱ्या वेळी नुसता पिवळा फेस. भुऱ्या म्हणजे गल्लीतून घरात आलेला देशी कुत्रा, चौदा किलोचा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात चार वर्षं मालकासारखा राहतो. आई म्हणाली, "गवत खाल्लं असेल मेल्याने." आत्या म्हणाली, "सेव-उसळीचा द्रोण चाटला असेल कुठेतरी." सकाळी जुलाब सुरू झाले तेव्हा मात्र रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेला.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न: नवीन काही खाल्लं का? खाल्लं होतं. वाळवलेल्या चिकनच्या पट्ट्या. दुसरा प्रश्न: पाकीट आणलंय? पाकीट मुळात नव्हतंच. दुकानातल्या काचेच्या बरणीतून शंभर ग्रॅम मोजून, पिशवीला गाठ मारून आणल्या होत्या. मग उरलेल्या दाखवा, म्हणाले. त्या मी घाबरून पहाटेच कचऱ्याच्या गाडीत टाकल्या होत्या.

सलाईन, दोन इंजेक्शनं आणि तीन दिवसांनी भुऱ्या पुन्हा खारींच्या मागे धावू लागला. त्या पट्ट्यांनीच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते कळायचा एकमेव रस्ता मीच बंद केला होता. पुढे डॉक्टरांना छळून आणि बरंच वाचून जे समजलं ते लिहितोय. यातल्या निम्म्याहून अधिक चुका आमच्याच घरातल्या आहेत.

"कुत्र्याला सगळं पचतं"

बाकीच्या चुका या एका वाक्यातून जन्मतात. आंबलेली भाजी कुत्र्याला, कडेला हिरवट झालेला पाव कुत्र्याला, वास आलेलं फरसाण कुत्र्याला. कुत्र्याच्या पोटातलं आम्ल तीव्र असतं आणि पुष्कळदा जंतू त्याला काही न करता निघून जातात, इतकं खरं. पण बुरशीने तयार केलेलं विष हा जंतू नसतो. ते आम्लाने मरत नाही, कारण ते जिवंतच नसतं.

आपल्या बडोद्याच्या शेजारचीच गोष्ट आहे. १९७४ च्या अखेरीस पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात आदिवासी वस्त्यांमध्ये काविळीची साथ आली. डोळे पिवळे, पोटात पाणी, शंभराहून अधिक माणसं दगावली. अवेळी पावसात भिजलेल्या मक्यावर ॲस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी चढली होती आणि तिने अफ्लाटॉक्सिन हे विष तयार केलं होतं. त्या घरांमध्ये तेच अन्न खाणारी कुत्रीही तशाच आजाराने मेली. म्हणजे ही काही परदेशी पाकिटांची नवी भानगड नाही. पंचमहालातल्या गोध्र्याच्या आसपासच्या खेड्यांनी ती पन्नास वर्षांपूर्वी सोसली आहे.

तेच विष २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत कुत्र्यांच्या तयार खाण्यात निघालं. त्यात मका होता. शंभराहून जास्त कुत्री मेल्याची नोंद झाली आणि माल बाजारातून परत मागवावा लागला. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची मर्यादा एका किलोला २० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे डोळ्याला दिसण्याचा प्रश्नच नाही. आणि आपला नेहमीचा उपाय, "जरा भाजून घेऊ, उकळून घेऊ", इथे चालत नाही. घरच्या गॅसवर हे विष नष्ट होत नाही. बुरशीचा कोपरा तोडून उरलेलं बिस्किट देणं हा तर नुसता मनाचा समज.

बरणीतला सुटा खाऊ

बरणीत कोणत्या कंपनीचा, कधीचा माल आहे ते कळत नाही. बॅच नंबर नाही, तारीख नाही. दिवसभर त्याच बरणीत दहा हात जातात आणि एका खराब तुकड्याची पूड बाकी सगळ्यांना लागते. मी आणलेल्या पट्ट्यांवर पांढरट भुकटी होती. मी ती मिठाची समजलो.

वाळवलेलं मांस म्हणजे जंतू मेलेलं मांस, हा दुसरा गोड गैरसमज. पुरेशी उष्णता मिळाली नसेल तर साल्मोनेला हा उलट्या-जुलाब घडवणारा जंतू वाळलेल्या तुकड्यावर आठवडेच्या आठवडे तग धरतो. फ्रीझरमध्येही तो नुसता झोपतो. २०१९ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांना चघळायला देतात त्या वाळवलेल्या डुकराच्या कानांमुळे साथ आली, तेव्हा ३४ राज्यांत १५४ आजारी पडले. कुत्री नव्हेत, माणसं. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो आणि त्याच्या विष्ठेतून, लाळेतून जंतू घरभर फिरतात.

हे वाचलं आणि मला माझा पाच वर्षांचा भाचा आठवला. भुऱ्याला लाच द्यायला तो एक पट्टी कायम चड्डीच्या खिशात ठेवायचा आणि त्याच हाताने खाकरा खायचा. आता खाऊ दिला की साबणाने हात, हा आमच्या घरचा कायदा आहे. ऐंशीच्या घरातल्या आजोबांनाही त्यातून सूट नाही, उलट त्यांना आधी.

उन्हाळ्यावर ढकललेली तहान

२००७ पासून अमेरिकेत चिकनच्या वाळवलेल्या पट्ट्या खाणाऱ्या कुत्र्यांबद्दल तक्रारी येऊ लागल्या. बहुतेक माल चीनमधून आलेला. मे २०१४ पर्यंत एक हजाराहून अधिक कुत्री मेल्याच्या तक्रारी जमा झाल्या. एवढ्या तपासण्या करूनही नेमकं कारण सापडलं नाही. लक्षणं मात्र ध्यानात ठेवण्याजोगी होती. कुत्रा सुस्त होतो, खाणं सोडतो, खूप पाणी पितो, खूप मुततो. काहींच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन लघवीत साखर उतरते, रक्तातली साखर मात्र सर्वसाधारण. फॅनकोनी सिंड्रोम म्हणतात तो हाच प्रकार.

बडोद्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे असताना कुत्रा दोन वाट्या पाणी जास्त प्यायला तर कोणाच्या लक्षात येणार? "उकडतंय त्याला" म्हणून आपण वाटी पुन्हा भरून ठेवतो. वाळवलेला मांसाचा खाऊ चालू असेल आणि तहान अचानक वाढली असेल तर खाऊ लगेच थांबवा आणि डॉक्टरांना सांगून लघवी तपासून घ्या. तपासणी साधी असते.

स्टीलचा डबा, आईचा डबा

आमच्याकडे पाकीट आलं की आई ते कात्रीने कापून डब्यात ओतायची, पाकीट कचऱ्यात. डबा अर्धा असताना नवीन पाकीट आलं तर वरून ओतायचं. तळाचा ऐवज कधीचा, हे मग देवालाच ठाऊक. शिवाय या खाण्यातली चरबी डब्याच्या कडेला चिकटते, खवट होते, आणि ताजा माल त्याच चरबीवर पडतो. तळहातावर चार दाणे घेऊन वास घ्या. जुन्या तेलाचा, ऑइलपेंटच्या डब्यासारखा वास आला तर तो माल गेला.

योग्य रीत सोपी आहे. पाकीट तसंच ठेवा, तोंड दुमडून कपड्यांचा चिमटा लावा आणि ते पाकीटच डब्यात घाला. डबा रिकामा झाला की घासून, उन्हात पूर्ण वाळवून मगच नवीन माल. काढायला कोरडा चमचा, कुत्र्याचं उष्टं भांडं नव्हे. कोरडं खाणं २७ अंशांच्या खाली ठेवावं म्हणतात. आपल्याकडे ते बारा महिने जमणारं नाही, पण निदान माळ्यावर पत्र्याखाली आणि गाडीच्या डिकीत तरी ठेवू नका. स्वस्त पडतं म्हणून दहा किलोची गोण आणून ती तीन पावसाळी महिने पुरवणं हा हिशेब महागात जातो. चौदा किलोच्या कुत्र्याला छोटी पाकिटंच बरी.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी तळमजल्यांत शिरलं, तेव्हा कित्येकांनी भिजलेल्या गोणी गच्चीवर पसरून वाळवल्या. गहू वाळवतात तसं. कळवळा समजतो, पण गटाराचं पाणी लागलेलं खाणं वाळवून शुद्ध होत नाही.

उलटी झाल्यावरचे घरगुती पराक्रम

मिठाचं पाणी पाजून ओकारी काढणं सगळ्यात वाईट. रक्तातलं मीठ इतकं वाढू शकतं की मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ओकारी काढायचीच नाही. माणसांच्या गोळ्याही नकोत. आयब्युप्रोफेन कुत्र्याचं जठर आणि मूत्रपिंड बिघडवतं, पॅरासिटामॉल यकृत. जुलाब थांबवणारी गोळी तर आत अडकलेली घाण आतच कोंडून ठेवते.

दूधही नको, वयात आलेल्या पुष्कळ कुत्र्यांना ते नीट पचत नाही आणि जुलाब वाढतात. पाणी वाटीभर एकदम न देता दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन चमचे द्या. उलटी थांबल्यावर मऊ भात आणि बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, थोडं थोडं. कांदा-लसूण अजिबात नाही, ते एरवीही कुत्र्याला विषच. पिल्लाला उपाशी ठेवू नका, त्याची साखर फार लवकर उतरते.

एक तपासणी घरीच करता येते. ओठ वर करून हिरडीवर बोटाने दाबा. तिथे पांढरा ठसा उमटतो आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. वेळ लागला, हिरडी चिकट किंवा फिकट वाटली तर अंगातलं पाणी कमी झालंय किंवा रक्ताभिसरण बिघडलंय. भुऱ्याचा ठसा त्या सकाळी भरायला मला चार मोजावे लागले होते. अर्थात हे करायचं असतं हे मला दवाखान्यात कळलं. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात खालच्या पापणीच्या आतली कड पाहून रंग तरी कळतो.

या गोष्टी दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका: उलटीत किंवा विष्ठेत रक्त, पाणीही न टिकणं, पिवळे डोळे-हिरड्या, अंग थरथरणं किंवा झटके. थरथर विशेष लक्षात ठेवा. पावावर, शिळ्या चीजवर किंवा कचऱ्यात वाढणाऱ्या काही बुरशींचं विष थेट मज्जासंस्थेवर जातं आणि अर्ध्या तासापासून काही तासांत कुत्रा कापू लागतो. उलट अफ्लाटॉक्सिन रोज थोडं थोडं जात राहतं, आणि कावीळ दिसेपर्यंत यकृताचं बरंच नुकसान झालेलं असतं.

आणि लस न झालेल्या पिल्लाला रक्ताचे जुलाब होत असतील तर खाऊला दोष देत बसू नका. तो पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा आजार, असू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

पुरावा कचऱ्यात

उरलेला खाऊ फेकू नका, पण कुत्र्याच्या आणि मुलांच्या हाताला लागेल असाही ठेवू नका. पाकिटासकट दुहेरी पिशवीत बांधून, वर चिठ्ठी चिकटवून फ्रीझरमध्ये एका कोपऱ्यात. बॅच नंबर, उत्पादन आणि मुदतीची तारीख यांचा मोबाइलवर फोटो. किती दिला, कधी दिला, पहिली उलटी किती वाजता, हे लिहून ठेवा. उलटीचाही फोटो काढा, लाज वाटून घेऊ नका, डॉक्टरांना त्यातून पुष्कळ कळतं. आमच्याकडे आता पाकीट उघडलं की मार्करने त्यावर तारीख पडते. ते काम आईने स्वतःकडे घेतलंय.

भुऱ्या बरा झाल्यावर दहा दिवसांनी मी त्या दुकानात गेलो. भांडायला नाही, सांगायला. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणत्या पाकिटातल्या होत्या?" मी म्हटलं, ते तुम्हालाच माहीत असणार. त्यालाही माहीत नव्हतं. त्याने तीन पाकिटं एकत्र ओतली होती. बरणी काउंटरवरच होती, गळ्यापर्यंत भरलेली.