जुन्या एमजीबीसाठी बॅटरीची टर्मिनल कव्हरं शोधताय? या चुका टाळा

धुळ्याला आमच्या काकांकडे १९६५ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. गेल्या उन्हाळ्यात तिची टर्मिनल कव्हरं, म्हणजे बॅटरीच्या खांबांवरची टोपणं, बदलायचं काम माझ्याकडे आलं. मी ‘ओरिजिनल’ लिहिलेली लाल-काळी जोडी ऑनलाइन मागवली. करंटच्या वायरीला लाल चढवलं आणि बॉडीला जाणाऱ्या पट्टीला काळं. पुढे बॅटऱ्या चार्जिंगला काढल्या, तेव्हा दुकानातल्या मुलाने रंग बघून लाल वायर प्लसला जोडली. इंजिन सुरू झालं, पण आरपीएम मीटरचा काटा शून्यावरून हललाच नाही. आतला ट्रान्झिस्टर गेला होता.

चूक माझी होती. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे तिच्यात प्लस बॉडीला जातो आणि करंट मायनसच्या वायरीतून येतो. लाल कव्हर बॉडीच्या पट्टीवरच हवं होतं. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनली आणि १९६७ च्या अखेरीस तिची मार्क टू ही पुढची आवृत्ती आली तेव्हा निगेटिव्ह अर्थवर गेली. खुल्या गाडीचा चॅसी नंबर जी/एचएन३ ने सुरू होत असेल तर ती मुळात पॉझिटिव्ह अर्थ, जी/एचएन४ असेल तर निगेटिव्ह. जीटीला, म्हणजे बंद छताच्या एमजीबीला, हेच जी/एचडी३ आणि जी/एचडी४. तरीही नुसत्या नंबरावर जाऊ नका. साठ वर्षांत मधल्या कुणी मालकाने अर्थ उलटा करून घेतलेला असू शकतो. आमच्या मिस्त्रींनी मला एवढंच सांगितलं, “भाऊ, रंग दखू नको. बॉडीले कोनती वायर जास ती दख.” आता मी आधी बॅटरीवर कोरलेली प्लस-मायनसची खूण बघतो, मग पट्टी बॉडीला कुठे कसली आहे ते हाताने चाचपतो, आणि त्यानंतरच कव्हर उचलतो.

दुसरी चूक म्हणजे टोक न बघता कव्हर मागवणं. आज बाजारात मिळणारी कव्हरं नट-बोल्टने आवळायच्या क्लॅम्पसाठी असतात. त्या काळच्या लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगमध्ये मात्र वायरीच्या टोकाला शिशाची टोपी असते. ती खांबावर उपडी बसते आणि वरून एक स्क्रू खांबात जातो. क्लॅम्पचं कव्हर या टोपीवर चढवलं की एका बाजूने तोंड वासून राहतं. म्हणून फोटोवर विश्वास न ठेवता टोपीचा बाहेरचा व्यास आणि वायरीची जाडी कॅलिपरने मोजा, आणि विकणाऱ्याकडून कव्हरच्या आतलं माप मागा.

माप घेताना बॅटरीचा खांबही मोजा. जाड खांब बुडाशी प्लसला १९.५ आणि मायनसला १७.९ मिलिमीटर असतो. आपल्याकडच्या लहान गाड्यांच्या बॅटऱ्यांना बऱ्याचदा बारीक खांब येतात, १४.७ आणि १३ मिलिमीटरचे. जुनी टोपी त्यांवर सैल बसते. मग कुणी पत्र्याची चकती घालतं, वरून छान कव्हर लावतं, आणि सेल्फ मारताना तो जोड आत तापत राहतो. जाड खांबाचीच बॅटरी मागा.

एमजीबीच्या बॅटऱ्या सीटच्या मागे, जमिनीतल्या पत्र्याच्या झाकणाखाली असतात. १९७४ पर्यंत तिथे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागून एक जोडलेल्या असत. त्यामुळे खांब चार होतात आणि दोन कव्हरांची जोडी पुरत नाही. दोन्ही काढून बारा व्होल्टची एकच बॅटरी बसवलेली असेल तर तिची उंची जरूर तपासा. खांब झाकणाच्या पत्र्याला लागला तर थेट शॉर्ट होतो आणि रबराचं पातळ कव्हर खड्ड्यातल्या चार दणक्यांत कापलं जातं. आम्ही वायरी सोडवून प्रत्येक खांबावर कणकेचा छोटा गोळा ठेवला, झाकण दाबून बंद केलं आणि उघडून बघितलं. एका खांबावरची कणीक पापडाइतकी चपटी झाली होती. ती बॅटरी त्याच दिवशी परत केली.

मालाचं म्हणाल तर जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बंद गाडीत त्याहून जास्त. स्वस्त प्लास्टिक अशा उन्हात कडक होऊन तडकतं. रबरी कव्हर बोटांत दुमडून बघा. घडीवर बारीक भेगा दिसल्या तर ‘जुना न वापरलेला ओरिजिनल माल’ असला तरी घेऊ नका, कारण कपाटात पडूनही रबर म्हातारं होतं. पेट्रोलियम जेली खांबावर अगदी पातळ लावा. ती रबराला लागत राहिली की रबर फुगून ढिलं पडतं. रबराजवळ सिलिकॉन ग्रीस बरं.

आणि कव्हर चढवण्याआधी खांब साफ करा. पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यातल्या खायच्या सोड्याने धुवा, पण सेलची बुचं घट्ट लावून, कारण सोड्याचा थेंब आत जाता कामा नये. वायर काढताना आधी अर्थची सोडा आणि लावताना तीच शेवटी जोडा. म्हणजे काकांच्या गाडीत प्लस आधी निघतो. शेवटी एकाला सेल्फ मारायला सांगून मल्टिमीटरची एक पिन खांबाच्या शिशावर आणि दुसरी टोपीवर धरा. आकडा शून्याजवळ हवा. आमच्याकडे पहिल्यांदा अर्धा व्होल्ट आला. टोपी आतून सँडपेपरने घासली, पुन्हा बसवली, आकडा उतरल्यावर मग कव्हर चढवलं.