पाहिलेल्या सिनेमांवर चार ओळी लिहायच्या असतील तर

महिन्याभरात पाच-सहा सिनेमे पाहून होतात. कुणी विचारलं, 'अलीकडे काय पाहिलं?' की नावं पटापट आठवतात, पण पुढे गाडी 'बरा होता', 'ठीकठाक', 'एकदा पाहायला हरकत नाही' इथेच अडते. विचारणाऱ्याला यातून काहीच ठरवता येत नाही. हौशी प्रेक्षकाने समीक्षकाचा आव आणावा अशी कुणाचीच अपेक्षा नसते. पडद्यावर नेमकं काय दिसलं, ते पाहताना आपलं काय झालं आणि आपण ते कशा अवस्थेत पाहिलं, एवढं आलं की मत दुसऱ्याच्या उपयोगाचं होतं. एका सिनेमाला ८० ते १२० शब्द पुरे. त्याहून कमीत कारण सांगून होत नाही, आणि जास्त झाले की कथानक शिरायला लागतं.

आधी दोष कुणाचा ते पाहा

घरी पाहिलेल्या सिनेमांबद्दलच्या कितीतरी तक्रारी खरं तर टीव्हीच्या असतात. 'सगळं मालिकेसारखं स्वस्तातलं दिसतं' ही त्यातली नेहमीची. सिनेमा सहसा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित होतो. नवे टीव्ही या चौकटींच्या मध्ये स्वतःच्या चौकटी बनवून घालतात आणि हालचाल नको तितकी गुळगुळीत होते. पिक्चरच्या सेटिंगमध्ये 'मोशन' असं काही नाव असलेला पर्याय शोधून बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा. २०१९ मध्ये जाहीर झालेली ही सोय मुळात याच त्रासावर काढलेली आहे.

दुसरी तक्रार आवाजाची: संवाद ऐकूच येत नाहीत आणि मारामारी सुरू झाली की कानठळ्या. ५.१ ध्वनीत, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा अशा मांडणीत, संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असले की सगळं एकत्र कालवलं जातं आणि संवाद दबतात. ऑडिओच्या यादीत ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडून पाच मिनिटं पाहा. तरीही पुटपुट कळली नाही, तर खुशाल लिहा.

काळ्या पट्ट्यांचा राग येऊन झूमचं बटण दाबणाऱ्यांनी तर चित्रचौकटीबद्दल अवाक्षर काढू नये. २.३९:१ आकाराचा, म्हणजे उंचीच्या २.३९ पट रुंद, सिनेमा १६:९ च्या पडद्यावर झूम करून भरला की दोन्ही बाजू मिळून चित्राचा सुमारे पाव भाग कापला जातो. दोघं बोलत असतील तर एकाचा कान आणि दुसऱ्याची पाठ दिसते, आणि बोल लागतो छायाचित्रकाराला.

वेग दीडपट करून पाहिला असेल तर संथपणाबद्दल काहीही लिहू नका. दोन तासांचा सिनेमा तेव्हा ८० मिनिटांत उरकलेला असतो, नटाने घेतलेला श्वास आणि संकलकाने ठेवलेली शांतता दोन्ही चेपून. डब केलेला पाहिला असेल तर अभिनयाबद्दल जपून बोला. निम्मा अभिनय आवाजात असतो आणि तो आवाज दुसऱ्याचा आहे. सबटायटल्सचंही तसंच. संवाद दोन ओळींत बसवायचा म्हणून छाटला जातो, त्यामुळे 'संवाद रुक्ष आहेत' असं सबटायटल्स वाचून ठरवू नये.

म्हणून प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक ओळ पक्की ठेवा: कुठे पाहिला, मूळ भाषेत की डब, एका बैठकीत की तुकड्यांत. नोंदीच्या सुरुवातीला नावासोबत वर्ष आणि दिग्दर्शकही लिहा. एकाच नावाचे सिनेमे इतके आहेत की नुसत्या नावावर शोधणारा भलताच पाहून बसतो.

त्याच रात्री काय, दुसऱ्या दिवशी काय

सिनेमा संपल्यावर झोपण्यापूर्वी दोन मिनिटांत तीन गोष्टी टिपा: डोळ्यांपुढून न जाणारं एक दृश्य, आठवेल तसं एक वाक्य, आणि लक्ष पहिल्यांदा कुठे उडालं ती जागा. मत लिहू नका, टिपण पुरे. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. सिनेमाच्या बाबतीत आधी जातात ते बारकावे. उरतं ते 'छान होता'.

मत दुसऱ्या दिवशी लिहायचं, याचं कारण शेवट. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं की माणूस अनुभव तोलतो तो त्यातल्या सर्वांत तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून. मधली लांबी जवळपास हिशेबातच धरत नाही. त्यामुळे शेवटच्या दहा मिनिटांनी रडवलं की आधीचे दीड तास माफ होतात, आणि शेवट फसला की तितकेच दीड तास फुकट जातात. यावर साधा उपाय आहे. नोंद लिहिताना सुरुवात सिनेमाच्या मधल्या भागापासून करा आणि शेवटाबद्दल सगळ्यांत शेवटी लिहा.

इतरांची मतं आणि रेटिंग त्यानंतरच उघडा. आधी वाचलं की दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडी येतात आणि ते आपलेच वाटतात.

एका दिवसात दोन सिनेमे पाहिले तर मधल्या वेळात पहिल्याचं टिपण झालंच पाहिजे. नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळतात. जड सिनेमानंतरचा हलकाफुलका सिनेमा उगाच पोरकट वाटतो.

एक दृश्य, आणि मग बाकी सगळं

समजा, असा एक सिनेमा आहे: आई गेल्यावर दोघी बहिणी तिचं घर रिकामं करायला येतात. त्यावर पहिल्या फटक्यात लिहिलं जातं ते साधारण असं:

'कथा चांगली, पण मांडणी कमकुवत. दोघींचा अभिनय सहजसुंदर. पूर्वार्ध पकड घेतो, उत्तरार्धात मात्र दिग्दर्शकाची पकड सुटते. छायाचित्रण डोळ्यांचं पारणं फेडणारं. एकदा पाहायला हरकत नाही.'

आता नाव झाकून वाचा. यातलं कुठलं वाक्य दुसऱ्या सिनेमाखाली चिकटवता येईल? ते खोडा. वरच्या नोंदीत 'दोघींचा' एवढाच शब्द शिल्लक राहतो. मांडणी, पकड, पारणं हे शब्द वाईट नाहीत, पण ते निकाल आहेत. पुरावा कुठेच नाही. आदल्या रात्रीचं टिपण इथे कामी येतं. दृश्यापासून सुरुवात करून तीच नोंद पुन्हा:

'आई गेल्यावर दोघी बहिणी घर विकायला काढतात. चार दिवसांत ते रिकामं करायचंय. पहिली चाळीस मिनिटं त्या कामापुरतंच बोलतात, आणि तेच फार आवडलं. धाकटी दारावरची आईच्या नावाची पाटी काढायला घेते. तीन स्क्रू निघतात, चौथा जागच्या जागी फिरत राहतो. कॅमेरा हलत नाही, संगीत नाही, ती नुसती फिरवत राहते. तिथे घसा दाटला. वकील आल्यापासून मात्र सिनेमा बडबडा होतो. पुढच्या तीन प्रसंगांत दोघी एकमेकींना तेच सांगतात, जे आपल्याला पाटीपाशीच कळलेलं असतं. शेवटच्या वीस मिनिटांत तीनदा घड्याळ पाहिलं. घरी टीव्हीवर, मूळ भाषेत सबटायटल्ससह, एका बैठकीत.'

कथानकाला पहिली दोनच वाक्यं दिलीत. दोन वाक्यं, फार तर तीस शब्द, ही कथानकाची मर्यादा. 'मांडणी कमकुवत'च्या जागी वकील आणि तीन प्रसंग आले, म्हणजे तक्रार नेमक्या जागी बसली. 'कंटाळवाणा' म्हणण्यापेक्षा 'तीनदा घड्याळ पाहिलं' हे जास्त खरं आहे, कारण त्यात सिनेमावर आरोप नाही, झालेली गोष्ट आहे. शांत सिनेमे आवडणारा ही नोंद वाचून पाहायचं ठरवील, न आवडणारा टाळेल, आणि दोघंही तुमचे आभार मानतील.

लिहिताना अडलात तर दृश्याला तीन साधे प्रश्न विचारा. हात काय करत होते? आवाज कसला होता? कॅमेरा किती लांब होता? यातल्या एका तरी उत्तरात घसा का दाटला ते सापडतं.

'संथ', 'लॉजिक नाही' आणि चुकीच्या माणसाला शाबासकी

संथ हा शब्द दोन वेगळ्या दुखण्यांना वापरला जातो. कंटाळा आला तो भाग पुन्हा लावा आणि एक मिनिटभर प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो तिथे, बोट आपटा. अलीकडच्या व्यावसायिक सिनेमांत एक शॉट साधारण ३ ते ६ सेकंद टिकतो, म्हणजे मिनिटाला १० ते २० कट. मोजणी चार-पाचवरच आली तर शॉट खरोखरच लांब आहेत, आणि 'लांब शॉट सोसले नाहीत' असं लिहिता येतं. पंचवीस-तीस कट असूनही जांभया आल्या असतील, तर संकलनाचा वेग ठीक आहे, गोष्ट अडकली आहे: तीच माहिती दुसऱ्यांदा दिली जातेय, किंवा पात्राला पुढे काय हवंय हेच कळत नाहीये. तेव्हा 'संथ' न म्हणता 'अमुक गोष्ट तीनदा सांगितली' असं लिहा.

'लॉजिक नाही' म्हणताना सिनेमाने स्वतः कोणता नियम सांगितला होता ते आठवा. मांजर बोलते, हा दोष नव्हे. मांजर फक्त रात्रीच बोलते असं सांगून ती भर दुपारी नायकाला वाचवायला ओरडली, तर तो दोष, आणि तो नेमका असाच लिहावा.

श्रेय वाटताना सर्वाधिक घोटाळा होतो. सुंदर डोंगर दिसले की छायाचित्रण उत्तम ठरतं. डोंगर मुळातच सुंदर होते. छायाचित्रण पारखायचं तर एका साध्या खोलीत दोघं बसून बोलतात तो प्रसंग घ्या. प्रकाश कुठून येतो, कुणाचा चेहरा अंधारात ठेवलाय, बोलणं बिघडत गेलं तसा कॅमेरा सरकला का, ते बघा. पार्श्वसंगीताची परीक्षा आणखी सोपी: भावुक प्रसंगाची दोन मिनिटं आवाज बंद करून पाहा. काहीच वाटलं नाही तर रडवणारा संगीतकार होता. चटकदार संवादाचं श्रेय आधी लिहिणाऱ्याचं, मग म्हणणाऱ्याचं. लांबलेल्या सिनेमाचा राग संकलकावर निघतो, पण पटकथेतच नको ते प्रसंग असतील तर तो बिचारा तरी काय कापणार?

अभिनयाबद्दलचा एक जुना धडा इथे कामाचा आहे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह याने १९२०च्या सुमारास एका नटाचा भावशून्य चेहऱ्याचा एकच शॉट वापरला आणि त्याला कधी सूपची वाटी, कधी शवपेटी, कधी एक स्त्री जोडली. प्रेक्षकांनी नटाची भूक, दुःख आणि अभिलाषा यांची तारीफ केली, असं सांगितलं जातं. तेव्हा 'डोळ्यांतून बोलतो' असं लिहिण्याआधी, त्या डोळ्यांनंतर लगेच काय दाखवलं होतं ते आठवून पाहा. सलग एका शॉटमध्ये, कट न घेता भाव बदलला असेल तर शाबासकी बिनधास्त नटाला द्या.

रहस्य न फोडता

पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांतलं आणि ट्रेलरमध्ये दाखवलेलं सांगायला हरकत नाही. त्यापुढचं सांगायचं असेल तर आधी इशारा द्या आणि एक ओळ मोकळी सोडा. 'शेवटी जबरदस्त धक्का आहे' हेसुद्धा रहस्यभेदच. वाचणारा मग पहिल्या प्रसंगापासून धक्का शोधत बसतो आणि अर्ध्या तासात खुनी ओळखतो. पाहुण्या कलाकाराचं नावही गिळा. शेवट पटला नाही हे सांगायला शेवट सांगावा लागत नाही: 'दोन तास जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर योगायोगाने दिलं' एवढ्यात काम होतं.

स्टार द्यायचेच असतील तर

पाचांत अर्धे धरून दहा पायऱ्या होतात, पण सवयीने सगळे सिनेमे तीन आणि साडेतीनवर येऊन बसतात. आपले तीन सिनेमे खुंटीसारखे ठोकून ठेवा: एक पाचांपैकी साडेचारचा, एक तीनचा, एक दीडचा. नवा सिनेमा आला की तिघांशी ताडून पाहा आणि दर पंचवीस सिनेमांनंतर खुंट्या जागेवर आहेत का ते तपासा.

टक्के आणि गुण यांची गल्लतही टाळा. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवरचा टक्का म्हणजे सिनेमाला मिळालेले गुण नव्हेत. किती समीक्षकांचा कौल अनुकूल पडला, तेवढंच तो सांगतो, आणि ६० टक्क्यांना 'फ्रेश'चा शिक्का बसतो. शंभरातल्या ९५ जणांनी नुसतं 'बरा आहे' म्हटलं तरी आकडा ९५च येतो. तो पाहून 'लोक डोक्यावर घेताहेत, मला तर काहीच वाटलं नाही' असं लिहिणाऱ्याचं भांडण मुळात कुणाशीच नसतं.

अर्धवट सोडलेल्या सिनेमावरही लिहावं, फक्त मिनिट द्या. 'पस्तिसाव्या मिनिटाला सोडला; तोवर चार पात्रांची ओळख झाली आणि कुणालाच काही हवं नव्हतं' ही पूर्ण नोंद आहे. तिला स्टार देऊ नका, आणि शेवटाबद्दल दुसऱ्याकडून ऐकलेलं त्यात घालू नका.