टेस्टिंग मेनूला जाताय? पाचव्या ताटलीलाच हात टेकायचे नसतील, तर या चुका टाळा

टेस्टिंग मेनूच्या रेस्टॉरंटमध्ये काय मागवायचं हा प्रश्नच नसतो. शेफने ठरवलेल्या छोट्या छोट्या ताटल्या एकामागून एक येत राहतात. कुठे सात-आठ, कुठे वीस. स्पेनमधलं एल बुयी २०११ मध्ये बंद झालं, तिथे तर तिसाहून जास्त पदार्थ यायचे. जेवण अडीच तास चालतं, कधी चार. एरवी हॉटेलात खपून जाणाऱ्या सवयी इथे अंगाशी येतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा चुका टेबलाशी बसण्याआधीच झालेल्या असतात.

बुकिंग म्हणजे नुसती जागा अडवणं नव्हे

शिकागोच्या नेक्स्ट या रेस्टॉरंटने २०११ मध्ये जेवणाची तिकिटं आधीच पैसे घेऊन विकायला सुरुवात केली. आता बऱ्याच ठिकाणी पूर्ण रक्कम किंवा डिपॉझिट आगाऊ घेतात. स्वयंपाकघर माणसं मोजून सामान भरतं, त्यामुळे आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. काही ठिकाणी बुकिंग दुसऱ्याच्या नावावर करून देता येतं, म्हणून अटी पैसे भरण्याआधी वाचा. सगळ्या टेबलाने एकच मेनू घ्यायचा, हा नियमही पुष्कळ ठिकाणी असतो. ‘मी फक्त एखादंच काहीतरी घेईन’ म्हणणाऱ्या मित्राला सोबत नेण्याआधी त्याला हे सांगून ठेवा.

उशीर होणार असेल तर फोन करा. पंधरा मिनिटं सांभाळून घेतात, पाऊण तास झाला की मधले एक-दोन कोर्स गळू शकतात.

‘मला याची अॅलर्जी आहे’ हे कधी सांगायचं?

बुकिंग करताना सांगा आणि टेबलाशी बसल्यावर पुन्हा एकदा. पहिली ताटली पुढ्यात आल्यावर सांगून उपयोग नाही. सॉस, स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी) आणि तेलं सकाळपासून, काही तर आदल्या दिवसापासून तयार होत असतात. शेंगदाण्याची अॅलर्जी आहे म्हटलं की नुसते वर भुरभुरवलेले दाणे काढून भागत नाही. वेगळी सुरी, वेगळा बोर्ड, वेगळं भांडं घ्यावं लागतं, कधी अख्खा पदार्थच नव्याने रचावा लागतो. दोन दिवस आधी कळलं तर त्याजागी विचारपूर्वक केलेलं काही मिळतं. आयत्या वेळी कळलं तर नको तो भाग काढून उरलेलं समोर येतं.

याच्या उलट चूकही तितकीच होते. एखादी गोष्ट आवडत नाही म्हणून अॅलर्जी आहे असं ठोकून द्यायचं, आणि मग दुधाची अॅलर्जी सांगितलेल्या माणसाने शेवटी आइस्क्रीम चाटूनपुसून खायचं! स्वयंपाकघरातल्या माणसांना हे लगेच कळतं आणि पुढच्या खऱ्या अॅलर्जीवाल्याकडे ते संशयाने बघतात. आवडत नसेल तर तसंच सांगा, त्यात कमीपणा नाही.

शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नका. भाजीच्या पदार्थात कोंबडीचा स्टॉक असू शकतो, जेलीत जनावरांच्या हाडा-कातडीपासून केलेलं जिलेटिन, सॉसमध्ये मासळीचा अर्क, आणि काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने घट्ट करतात. काय चालतं आणि काय नाही ते लिहून कळवा. गरोदर असाल तर तेही कळवा. कच्ची मासळी, पाश्चराइझ न केलेल्या दुधाचं चीज आणि सॉसमधली दारू यांना पर्याय शोधायला त्यांना वेळ हवा असतो.

दिवसभर उपाशी राहू नका

‘एवढे पैसे मोजतोय, पोट रिकामं ठेवून जाऊ’ हा हिशेब सर्रास चुकतो. भुकेने कळवळलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत ब्रेडची टोपली संपवतो. ब्रेड ताजा असतो, लोणी उत्तम असतं आणि मागितला की आणखी येतो. मग सहाव्या कोर्सला, म्हणजे मांसाचा किंवा मुख्य भाजीचा भारी पदार्थ येतो तेव्हा, चमचा उचलवत नाही. दुपारी हलकं जेवा आणि जाताना भूक असू द्या, पण खा-खा सुटलेली नको. ब्रेड अर्धाच खा, उरलेला सॉस पुसायला ठेवा.

या छोट्या घासांमागे खरं कारण आहे. एकच चव खात राहिलं की तिची गोडी लवकर उतरते, पण वेगळ्या चवीची इच्छा टिकून असते. संशोधक बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे प्रयोगातून मांडलं. कॅलिफोर्नियातल्या फ्रेंच लॉन्ड्री रेस्टॉरंटमध्ये शेफ थॉमस केलर नऊ कोर्सच्या मेनूत एक घटक पुन्हा येऊ देत नाहीत, तेही याच विचाराने. पण जीभ कंटाळली नाही म्हणून पोट भरायचं थांबत नाही. मध्येच जड झालं तर गप्प बसून रेटू नका. वेटरला सांगा, ‘पुढचं दहा मिनिटांनी आणा’ किंवा ‘पुढचा भाग लहान द्या’. ताटलीत थोडं उरलं तरी चालतं. फक्त आवडलं नाही म्हणून ठेवलंय असा गैरसमज नको, म्हणून कारण सांगून टाका.

वाइन पेअरिंगचं गणित

पदार्थांना जुळणाऱ्या वेगवेगळ्या वाइन एकामागून एक देतात, ती पेअरिंग. प्रत्येक ग्लासात घोटभरच तर ओततात, असं वाटतं. आठ ग्लास, प्रत्येकी ७५ मिली धरा: ६०० मिली झाले. पूर्ण बाटली ७५० मिलीची असते. त्याआधी एक कॉकटेल घेतलं असेल तर शेवटच्या तीन पदार्थांची चव दुसऱ्या दिवशी आठवत नाही. दोघांत एकच पेअरिंग वाटून घेता येईल का, अर्धी पेअरिंग आहे का, हे विचारा. दारूविना पेअरिंगही आता पुष्कळ ठिकाणी मिळते, पण त्यातली गोड पेयंही पोट भरतात. प्रत्येक ग्लास रिकामा केलाच पाहिजे असा नियम नाही. पाणी पीत राहा, आणि बाटलीतलं पाणी बिलात येतं का, तेही विचारून घ्या.

टेबलावरच्या बारीकसारीक चुका

एका घासात खायचं म्हणून सांगितलं असेल तर एकाच घासात खा. पातळ आवरणात द्रव कोंडण्याचं तंत्र एल बुयीने २००३ च्या सुमारास पुढे आणलं. असा गोळा अर्धा चावलात तर आतला रस थेट शर्टावर.

फोटो काढायचा तर एक काढा. फेस दोन मिनिटांत बसतो, सॉसवर साय धरते, आइस्क्रीमचं तळं होतं. फ्लॅश तर नकोच.

बाथरूमला ताटल्या उचलल्यावर लगेच जा. पुढचा कोर्स अख्ख्या टेबलासाठी एकदम वाढतात, एक खुर्ची रिकामी दिसली की तयार ताटल्या आत थांबतात आणि सगळ्यांचंच जेवण थंड होतं. दोन कोर्समध्ये वीस-पंचवीस मिनिटं कुणीच फिरकलं नाही, तर शांतपणे विचारा.

भडक अत्तर टाळा, शेजारच्या टेबलालाही नाक असतं.

‘थोडं ट्रफल (एक महागडी, सुवासिक बुरशी) घालू का?’ असं गोड विचारतात तेव्हा ते बहुधा वरच्या पैशांचं असतं. किती, हे विचारायला लाजू नका. बिलात सर्व्हिस चार्ज आधीच धरला आहे का, ते टिप देण्याआधी पाहा.

आणि तक्रार असेल तर पहिल्या-दुसऱ्या घासालाच करा. मासा कच्चा राहिला, फार खारट झालं, तर ते बदलून देऊ शकतात. अर्धं संपवून बिलाच्या वेळी सांगितलं तर त्यांच्या हातात माफी मागण्यापलीकडे फारसं काही नसतं. नुसती चव रुचली नाही, तर मात्र तो त्या मेनूचा भाग समजून पुढे जा. शेवटी कॉफीबरोबर येणाऱ्या छोट्या मिठाया खाववत नसतील, तर बांधून मागा. बऱ्याच ठिकाणी देतात, आणि छापील मेनूही सोबत मागता येतो.