दिवंगत शेतकऱ्याची जीवनकथा कशी लिहावी

घरातील वडीलधारे शेतकरी निवर्तल्यावर त्यांच्या आठवणी लिहून ठेवायचे सर्वांच्या मनात असते, पण ते काम मागे पडत जाते. शेवटी कोणी लिहायला बसले, तर हाताशी ‘कष्टाळू’, ‘प्रेमळ’, ‘परोपकारी’ अशी मोजकी विशेषणेच उरलेली असतात. ही विशेषणे खोटी नसतात, मात्र ती कोणाही सज्जन माणसाला लागू पडतात आणि त्यांतून तो एक माणूस डोळ्यांसमोर उभा राहत नाही. म्हणून लेखनाची सुरुवात स्वभावापासून न करता जमिनीपासून करावी.

कोणता तुकडा वडिलोपार्जित होता, कोणता त्यांनी स्वतः घेतला, कोणता विकावा लागला आणि कशासाठी, विहीर कधी खोदली, कोणते पीक सोडून कोणते धरले, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की आयुष्याचा सांगाडा आपोआप तयार होतो. जमिनीचे उतारे, खरेदीखते, बँकेची पासबुके, बियाण्यांची आणि खतांची बिले यांवर तारखा असतात, त्यामुळे ती एकत्र करून कालक्रमाने लावावीत. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरील पावत्यांची अक्षरे उष्णतेने आणि उजेडाने उडून जातात, म्हणून त्यांची छायाचित्रे सर्वांत आधी काढावीत.

माणसे सन सहसा लक्षात ठेवत नाहीत. दुष्काळ, पूर, एखाद्या मुलाचा जन्म किंवा घरी आलेला पहिला ट्रॅक्टर यांच्या आधाराने ती काळ सांगतात. त्यांना तसेच सांगू द्यावे आणि नंतर कागदपत्रांशी व पावसाच्या नोंदींशी ताडून पाहावे. दोन वेगळ्या खुणा एकाच वर्षाकडे बोट दाखवत असतील तरच सन लिहावा, एरवी ‘धाकटी मुलगी शाळेत जाऊ लागली त्या सुमारास’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

मुलाखती घेताना वयाने सर्वांत मोठ्या व्यक्तीला आधी गाठावे. प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावे, कारण चारचौघांत ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण सर्वांची होऊन बसते. शक्य असल्यास बोलणे शेतातच करावे. बांधावरून चालताना एखादे झाड किंवा जुने अवजार दिसले की बैठकीत न आठवलेल्या गोष्टी ओठांवर येतात. ‘ते कसे होते?’ असे विचारल्यास पुन्हा विशेषणेच मिळतील. त्याऐवजी पेरणीच्या दिवशी ते सर्वांत आधी काय करत, वाफसा (पेरणीजोगी जमिनीतली ओल) आला हे कसे ओळखत, उभे पीक हातचे गेले त्या संध्याकाळी घरात काय बोलणे झाले, असे विचारावे. ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी घ्यावी आणि सांगणारा मध्येच थांबला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये.

समाजासाठी केलेल्या कामाची माहिती बहुधा घरात मिळत नाही. दुसऱ्याच्या उपयोगी पडलेला माणूस ते घरी येऊन सांगतोच असे नाही, म्हणून शेजारचे शेतकरी, शेतमजूर आणि सहकारी संस्थेत त्यांच्याबरोबर काम केलेली माणसे यांच्याकडे जावे लागते. कोणाचे बियाणे उगवले नाही तेव्हा स्वतःजवळचे काढून दिले, आजारी शेजाऱ्याची मळणी कोणी उरकली, पाण्याच्या पाळीवरून पेटलेले भांडण कोणत्या तोडग्यावर मिटले, अशा घटना तपशिलासह लिहाव्यात. मदत घेणाऱ्याचे नाव मात्र त्याच्या संमतीशिवाय छापू नये.

याच ठिकाणी एक प्रश्न घरातल्यांना विचारणे मला अत्यंत आवश्यक वाटते: ते गावाच्या कामात असत तेव्हा घरची कामे कोण करत होते? रात्रीचे पाणी कोणी दिले, गुरांचे कोणी पाहिले, मुलांचा अभ्यास कोणी घेतला, हे नोंदवले नाही तर पत्नीचे, भावांचे आणि वयाआधीच शेतात उतरलेल्या मुलांचे श्रम त्यांच्या नावावर जमा होतात. कुटुंबावरची माया आणि समाजाची ओढ यांत त्यांनाही कधी निवड करावी लागली असेल, आणि ती निवड लिहिल्याने त्यांचे मोठेपण उणावत नाही. त्याचप्रमाणे फसलेली पिके, चुकलेले निर्णय आणि कर्जाची वर्षेही लिहावीत. फक्त न्यायालयात असलेले वाद बाहेर ठेवावेत.

छोटी छायाचित्रे ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावीत आणि चित्रातील माणसांची नावे डावीकडून उजवीकडे अशी मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. सर्व सामग्रीच्या किमान तीन प्रती असाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या घरात.

मांडणी जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ करण्यापेक्षा मशागत, पेरणी, काढणी, मळणी या क्रमाने केलेली मला अधिक योग्य वाटते, कारण त्यांचे दिवस त्याच क्रमाने जात होते आणि घरातील घटना त्या त्या हंगामात सहज बसतात. स्मृतिसभेत पाच मिनिटे बोलायचे असेल तर सुमारे ५०० शब्द पुरतात. तेवढ्यात एकच प्रसंग नीट सांगावा.

मसुदा पूर्ण झाल्यावर तो घरातील सर्वांत वडील व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावा, तिने सुचवलेल्या दुरुस्त्या कराव्यात आणि जिथे दोघांच्या आठवणी जुळत नाहीत तिथे दोन्ही लिहाव्यात. पहिल्या पानावर लिहिणाऱ्याचे नाव व तारीख घालावी आणि शेवटी काही पाने कोरी ठेवावीत, कारण प्रत हाती पडल्यावरच अनेकांना आणखी सांगावेसे वाटते.